दुःखाची रंगीत तालीम

आमच्या इमारतीत डोकं ठिकाणावर असल्याचा लेखी दाखला असलेला मी एकटाच माणूस आहे. इतरांची डोकी ठिकाणावर नाहीत असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याकडे पुरावा नाही, एवढंच. माझा दाखला सरकारी रुग्णालयाच्या गोल शिक्क्यानिशी कपाटाच्या वरच्या खणात आहे, आणि घरात वाद फारच पेटला की मी शब्दही न बोलता त्या कपाटाकडे बघतो. हा दाखला मिळवण्यासाठी मला आधी दुःखी व्हावं लागलं. तीच हकीकत सांगतो.

आमची ही पाणीपुरवठा खात्यात होती, तक्रारींच्या खिडकीवर. खिडकीसमोर माणूस येऊन "बाई, आमच्या नळाला" एवढं म्हणतो न म्हणतो, तोच हिचं उत्तर तयार असे. "मीटरजवळची चावी बघा, अर्धीच उघडी असेल. पुढे कोण?" आणि घरी जाऊन बघावं तर चावी खरंच अर्धीच उघडी. हिच्या खिडकीसमोर रांग कधी साचली नाही. शहराचं यात भलंच झालं. मात्र तीच खिडकी ही रोज संध्याकाळी घरी घेऊन यायची. लग्न झाल्यापासून माझं एखादं वाक्य शेवटपर्यंत गेल्याचं मला स्मरत नाही. मी कर्ता सांगायचा, फार तर कर्म. क्रियापद ही लावून मोकळी.

निवृत्त झाल्यावर ही बागकाम करील, विणकाम करील, अशी माझी भाबडी समजूत होती. एका रात्री जेवताना हिनं सांगितलं की विद्यापीठात क्लिनिकल सायकॉलॉजीला प्रवेश मिळाला आहे. लोकांचे नळ बघून झाले, आता लोकांचं बघते, म्हणाली.

"पण या वयात," मी म्हणालो.

"या वयातच," हिनं वाक्य पूर्ण केलं.

लेखी परीक्षेत ही वर्गात पहिली आली. वर्गातली निम्म्या वयाची मुलं हिला मावशी म्हणू लागली आणि अवघड सिद्धान्त हिच्याकडून समजावून घेऊ लागली. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. प्रात्यक्षिक म्हणजे असं, की एकानं रुग्ण होऊन आपलं दुःख सांगायचं आणि परीक्षार्थीनं ते ऐकायचं. नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, तोडगा सुचवायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. फार तर रुग्णाचेच शब्द हळूच त्याच्या हातात परत द्यायचे, म्हणजे तो पुढे बोलतो.

हिच्यासमोर वर्गातली एक मुलगी रुग्ण होऊन बसली. लग्न ठरलंय, पण मन साशंक आहे, अशी तिची भूमिका होती. ती खुर्चीत नीट टेकायच्या आत हिनं सांगितलं, "मुलगा फोन उचलत नाही ना वेळेवर? सोडून दे. पुढे कोण?" आता ती मुलगी नाटक करत होती हे खरं, पण लग्न तिचं खरंच ठरलं होतं, आणि घरी गेल्यावर तिनं तो मुलगा खरंच सोडला. सध्या अत्यंत सुखात आहे. तरीही विभागानं हिला नापास केलं. कृतज्ञता म्हणून काही राहिलेलीच नाही.

हिचे सर आमच्या मुलीपेक्षा लहान असतील. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही निकाली काढता." फेरपरीक्षा होती. त्यातही गेली तर अभ्यासक्रम सोडायचा. पास झाली तर पुढे रुग्णालयात प्रशिक्षण, ज्यासाठी ही सगळी यातायात होती.

त्या दिवशी घरी येऊन ही खिडकीशी गप्प बसली. आमच्या घरात शांतता ही दिवे जाण्यासारखी गोष्ट आहे. माणूस आधी फ्यूज तपासतो. मी पाण्याचा पेला घेऊन गेलो.

"खिडकीवर होते तेव्हा समोर रांग असायची," ही म्हणाली. "एकाचं ऐकत बसले तर दहा जण खोळंबायचे. आता रांग नाही हो. आता मला ऐकता यायला हवं. मला हे यायलाच हवं."

हिला काही येत नाही असं मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. म्हणून पुढचं वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि नेमकं तेच वाक्य हिनं मध्ये न तोडता पूर्ण होऊ दिलं. मी म्हणालो, "मी होतो तुझा रुग्ण."

यात उपकाराचा भाग फारसा नव्हता. फेरपरीक्षेला रुग्ण आपला आपण आणायचा होता, तोही विभागाबाहेरचा, आणि वर्गातल्या मुलांचे मित्र हिच्यासमोर बसायला तयार नव्हते. त्यातल्या पुष्कळांची लग्नं ठरलेली होती.

भूमिका सरांनीच ठरवून दिली. निवृत्त गृहस्थ. कशात मन लागत नाही, अन्नाला चव नाही, झोप उडालेली, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. यातलं 'निवृत्त' एवढंच मला विनासायास जमणार होतं. बाकी मी दिवा मालवायच्या आत झोपतो, आणि जेवणाबद्दल माझी तक्रार असलीच तर ते संपतं ही आहे. पण माझी नोकरी वजनमापे खात्यात झाली. दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात हयात गेली. खोटं माप कधी खपवून घेतलं नाही. तेव्हा खोटं दुःख द्यायचं तर तेही शिक्का मारलेल्या वजनाइतकं बिनचूक द्यायचं, असं मी ठरवलं.

बैठकीच्या खोलीत तालमी सुरू झाल्या. शास्त्र असं सांगतं की दोन खुर्च्या अगदी समोरासमोर नसाव्यात, किंचित तिरप्या असाव्यात, म्हणजे रुग्णाला नजर चुकवता येते. आमच्या खोलीत खुर्ची तिरपी केली की तोंड फ्रिजकडे होतं. त्यामुळे माझं बरंचसं दुःख मी फ्रिजलाच सांगितलं.

"आपण मोकळेपणानं बोला," ही म्हणाली.

मला ही 'अहो' म्हणते, 'ऐकलंत का' म्हणते, क्वचित त्याहून बरंच काही म्हणते. 'आपण' कधी म्हणाली नव्हती. कोण आलंय ते बघायला मी मागे वळलो. मग सावरून म्हणालो, "मला रात्री झोप लागत नाही."

"दुपारी घोरता त्याचं काय?"

मग हिनं जीभ चावली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दुपारचं घोरणं. शेवटी हिनं ठरवलं की काही झालं तरी रुग्णाचेच शब्द परत द्यायचे, आपला एक शब्द घालायचा नाही.

"जेवणात चव वाटत नाही," मी म्हणालो.

"जेवणात चव वाटत नाही."

"कशातच मन लागत नाही."

"कशातच मन लागत नाही."

"अगं, फोन वाजतोय."

"फोन वाजतोय," ही अत्यंत सहानुभूतीनं म्हणाली. तो फोन वाजून वाजून थकला आणि गप्प झाला.

माझा अभिनयही यथातथाच होता. म्हणून मी येताजाता जिन्यात सराव करू लागलो. प्रत्येक वळणावर थांबायचं, कठड्याला धरायचं आणि एक उसासा टाकायचा. तिसऱ्या मजल्यापर्यंत मला तो झकास जमू लागला, आणि नेमका तिसऱ्या मजल्यावर विमेवाल्यांनी तो ऐकला.

विमेवाले म्हणजे विम्याचे निवृत्त एजंट. आयुष्यभर लोकांना पुढची संकटं दाखवून पोट भरलेलं. आता पोटाचा प्रश्न सुटला, तरी संकटं दिसायची थांबली नाहीत. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. रुग्णाबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही असा हिच्या शास्त्राचा नियम, आणि ही मला आता रुग्ण समजत होती. मी म्हणालो, काही नाही. वाचकांना सांगायला नको की या प्रश्नाला याहून वाईट उत्तर नाही.

संध्याकाळपर्यंत इमारतीला माहीत झालं. समोरच्या मावशींनी काचेचं गोल भांडं आणून ठेवलं. त्यात एक सोनेरी मासा. याच्याकडे बघत बसा, मन शांत होतं, म्हणाल्या. परगावाहून लेकीचा फोन आला की बाबा, माझ्यापासून लपवू नका. दुःखी माणसाला एकटं सोडू नये असं कुणीसं सुचवलं, आणि शेजाऱ्यांनी पाळ्या लावल्या. मी पेपर उघडला की समोर कुणीतरी बसलेलं. एखादी गमतीची बातमी वाचून मी हसलो, तर ते एकमेकांकडे बघून मान हलवत, की आता हसायलाही लागले.

शेवटी गोपनीयता गुंडाळून ठेवून मी विमेवाल्यांना खरं काय ते सांगितलं. म्हटलं, हे सगळं नाटक आहे हो, हिच्या परीक्षेसाठी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "परीक्षाच असते ही," ते म्हणाले. "जाईल हाही काळ."

मग ते बुद्धिबळाचा पट घेऊन आले. या माणसाला मी कधीही हरवू शकलेलो नाही. माझा वजीर ते बसल्या बसल्या, चहाचा घोट घेता घेता मारतात. त्या दिवशी त्यांनी आपला वजीर माझ्या प्याद्यासमोर आणून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मग दोन्ही हत्ती. मी जिंकलो. त्यांनी टाळ्या वाजवल्या, दारातून मावशींनीही वाजवल्या. ज्या विजयाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, तो मला असा ओंजळीत घालून देण्यात आला. मला त्या क्षणी पहिल्यांदा खरोखर उदास वाटलं.

दुसऱ्यांदा वाटलं ते मासा गेला तेव्हा. मी त्याला जास्त खाऊ घातलं. तो वाटीसारखं तोंड उघडायचा, मला वाटायचं भूक लागलीय. मी भांड्याशी तसाच बसलेलो असताना ही आत आली, माझ्याकडे बघितलं आणि उजळून म्हणाली, "हेच. हेच तोंड धरून ठेवा." पुढचे कित्येक दिवस मला मावशींचं सांत्वन करायला जावं लागलं. मावशी मला धीर द्यायच्या, मी मावशींना.

आता दाखल्याचं. विभागातल्या लिपिकानं हिला सांगितलं की परीक्षेचा रुग्ण खरा चालत नाही, खोटाच हवा. नियम चांगला होता. खऱ्या आजाऱ्यावर सराव करू नये. ही म्हणाली, खोटाच आहे. लिपिक म्हणाला, त्याचा दाखला?

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती, पोट, घसा सगळं बघितलं आणि म्हणाले, "मानेपर्यंतचं लिहून देतो. त्याच्या वरचं नाही." मग सरकारी रुग्णालय. तिथल्या मानसोपचार विभागात बाकावर बसून राहिलो. सोबत विमेवाले, कारण त्या दिवशी त्यांची पाळी होती. आत गेलो तर टेबलामागे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. काय त्रास होतो, त्यांनी विचारलं.

"काही त्रास नाही," मी म्हणालो.

"त्रास नाही असं केव्हापासून वाटतंय?"

मी गोंधळलो. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "ते गृहस्थ मला डोळ्यांनी खुणा का करतायत?"

"शेजारी आहेत. त्यांना वाटतं मी दुःखी आहे."

"का वाटतं?"

"मी जिन्यात उसासे टाकतो म्हणून."

"का टाकता?"

"सरावासाठी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर त्यांनी मला इतक्या मायेनं पाणी दिलं की मला माझीच काळजी वाटू लागली. नशिबानं या बाई हिच्या सरांच्या विद्यार्थिनी निघाल्या. त्यांनी सरांना फोन लावला, पलीकडचं ऐकलं, आणि बराच वेळ तोंडावर रुमाल धरून बसल्या. मग दाखला लिहिला की आजच्या तपासणीत काहीही दोष आढळला नाही.

लिपिकानं तो दिव्यासमोर धरून बघितला. "आजच्या, असं लिहिलंय. परीक्षा गुरुवारी. गुरुवारी तुम्ही ठीक असाल कशावरून?"

हा प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांना सुटलेला नाही. तो मला लिपिकाच्या खिडकीच्या गजाआडून विचारला गेला. अखेर सरांनी दाखल्याच्या कोपऱ्यात 'गुरुवारपर्यंत माझ्या जबाबदारीवर' असं लिहून सही केली.

गुरुवार उजाडला. तालमीत ही एकदाही शेवटपर्यंत पोहोचली नव्हती. आदल्या संध्याकाळीही माझ्या उडालेल्या झोपेवर हिनं तीन उपाय सांगितले होते, त्यातला एक तर उत्तम होता. विद्यापीठाच्या पायऱ्या चढताना हिनं माझा हात धरला. "नाही जमलं तर," मी म्हणालो आणि थांबलो. हिनं ते पूर्ण केलं नाही. मला वाटतं, ते एक वाक्य हिलाही पूर्ण करायचं नव्हतं.

खोली साधीच. दोन तिरप्या खुर्च्या, मध्ये छोटं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा. कोपऱ्यात सर, आणि त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक, पांढऱ्या मिशांचे, करारी. या वेळी माझ्यासमोर फ्रिज नव्हता, भिंत होती, आणि फ्रिज नाही हे बघताच मी सगळं विसरलो. झोप, चव, मन, एक शब्द आठवेना.

"आपण मोकळेपणानं बोला," ही म्हणाली.

मी गप्प. सवयीनं वाट बघितली. आता ही काहीतरी बोलेल, माझं वाक्य सुरू करून संपवीलही. ही बोलेना. नुसती बघत राहिली. माझ्याकडे कुणी इतका वेळ काहीही न सांगता बघितलेलं नाही. ती शांतता सहन होईना म्हणून मी तोंड उघडलं आणि जे आलं ते बोललो.

म्हणालो, की पूर्वी मी दुकानात शिरलो की दुकानदार उठून उभा राहायचा. आता म्हणतो, काका, रांगेत या. मी रांगेत उभा राहतो, पण नजर तराजूच्या काट्यावर असते. परवा काटा किंचित डावीकडे होता. सांगणार कोणाला?

"सांगणार कोणाला," ही हळू म्हणाली.

मग बुद्धिबळाचं सांगितलं. माशाचं सांगितलं. आणि मग, कुठून कोण जाणे, म्हणालो, "माझी बायको विद्यापीठात शिकते. मला तिचा फार अभिमान वाटतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण वाक्य लांब आहे."

हिच्या ओठांची कड हलली. बाकी काही हललं नाही.

"ती पास झाली तर दिवसभर रुग्णालयात जाईल. आत्ताच दुपारी घरी कोणी नसतं. जेवताना मी समोरच्या खुर्चीला सांगतो की मीठ कमी आहे. खुर्ची सगळं ऐकून घेते, पण उलट बोलत नाही. तशी सवय नाही मला." मी रुमालांच्या डब्याकडे बघत होतो. "ती पास व्हावी असं मला मनापासून वाटतं. आणि ती घरी असावी असंही वाटतं. दोन्ही पारडी सारखी येतात. जन्मभर तराजू तपासले, पण याचा काटा नेमका कुठे..."

वाक्य अर्धं राहिलं. ते पूर्ण करणारी समोरच बसली होती. हिच्याकडे उत्तर होतं. मी हिला ओळखतो, पाच-सहा तरी होती. खुर्चीच्या दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती. पण हिनं ते वाक्य तसंच राहू दिलं.

"दोन्ही पारडी सारखी येतात," ही म्हणाली, आणि पुन्हा गप्प झाली.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "अहो, मग दुपारी तुम्ही वाचनालयात का जात नाही?" ते परीक्षक होते. खुर्चीच्या पुढच्या कडेला येऊन बसले होते. "किंवा पोहायला जा. पोहणं फार चांगलं."

सर खोकले. हिनं मान वळवली, आणि पाणीपुरवठा खात्याच्या खिडकीतून ज्या आवाजापुढे अख्खा मोहल्ला सरळ व्हायचा, त्या आवाजात म्हणाली, "सर, त्यांना बोलू द्या. त्यांचं अजून व्हायचंय."

परीक्षक खाली मान घालून मागे सरकले. आणि मी, आता सांगायला हरकत नाही, तो कागदी रुमाल काढला, जो मुळात नाटकासाठी ठेवलेला होता.

ही पास झाली. नुसती पास नाही. परीक्षकांनी सरांना सांगितलं म्हणे, की इतकं ऐकणारी विद्यार्थिनी पाहिली नाही. नंतर व्हरांड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुम्ही दुपारी नेमकं करता काय हो?" मी त्यांना काही सांगितलं नाही. नुसतं ऐकून घेतलं. माणूस बराच बोलला.

बसमध्ये ही खिडकीशी बसली. दोन थांबे गेले, ही गप्प. मला वाटलं, शास्त्र कायमचं भिनलं. तिसऱ्या थांब्याला हिनं श्वास घेतला. म्हणाली, त्या दुकानदाराचा काटा डावीकडे होता तर तुम्ही तिथेच का नाही सांगितलं, आणि मीठ कमी असतं कारण डॉक्टरांनी कमी सांगितलंय, आणि माशाला दिवसातून एकदाच द्यायचं असतं, आणि अभिमानाचं वाक्य इतकं काही लांब नाही, मी मोजलं. आमच्या थांब्यापर्यंत ही बोलत होती. पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ कुठल्याशा उपायाला मान डोलावून उतरला. मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो आणि माझ्या चेहऱ्यावर, ही म्हणते, अत्यंत अशास्त्रीय हसू होतं.

इमारतीत शिरताना मी शीळ घालत होतो. विमेवाल्यांनी वर कठड्यावरून ती ऐकली आणि शेजाऱ्यांना सांगितलं की आपल्या पाळ्यांचा गुण आला. मी खोडून काढलं नाही. संध्याकाळी ते पट घेऊन आले, माझ्याकडे निरखून बघितलं, खात्री करून घेतली आणि चहा निवायच्या आत माझा वजीर मारला. मग घोडे, मग हत्ती. हरण्यात इतकं सुख असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता ही रोज रुग्णालयात जाते. दुपारी मी ताट वाढून घेतो, तोवर फोन वाजतो. "बोला," ही म्हणते. मग मी बोलतो. भाजीबद्दल, विमेवाल्यांबद्दल, मावशींनी आणलेल्या नव्या माशाबद्दल, ज्याला हात लावायची मला बंदी आहे. पलीकडून अधूनमधून 'हं' येतो, माझेच एखाद-दोन शब्द परत येतात. माझी वाक्यं क्रियापदासकट पूर्ण होतात. पहिल्या आठवड्यात तर ती कुठे थांबवायची हेच मला कळेना. मग तिकडची सुट्टी संपत येते. ही जराशी थांबते, आणि जुन्या खिडकीतल्या आवाजात म्हणते, "तक्रार नोंदवलेली आहे. निवारण संध्याकाळी घरी आल्यावर."